टुंड्राबाईंची पाचवी

टुंड्रा प्रदेश शिकवायचा असला की आमच्या बाई आधी वर्गातला पंखा बंद करायच्या. ऑक्टोबरची दुपार, वर पत्र्याचं छप्पर, मुलुंडचा उकाडा. पोरांच्या दंडाला वह्यांची पानं चिकटायला लागलेली, आणि बाई टेबलाशी हाताची घडी घालून शांत उभ्या. "गारठा सांगून कळत नाही रे, आधी त्याची हाव सुटावी लागते," असं त्यांचं म्हणणं होतं. दहा मिनिटं वर्ग घामाने निथळला की त्या हळू आवाजात सुरू करायच्या. "आता एक जमीन डोळ्यांपुढे आणा. झाड नाही. एकसुद्धा नाही. लांबवर नुसतं शेवाळ आणि दगडफूल…" पोरं वह्यांनी वारा घ्यायची थांबायची. शेजारच्या वर्गात मी विज्ञान शिकवायचो, पंखा पूर्ण वेगात सोडून, आणि माझी पोरं झोपायची.

हजेरीपटावर बाईंचं नाव दुसरं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं. एरवी शिपायापासून पालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी टुंड्राबाई. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही. जन्म मुलुंडचा, घर शाळेपासून पाच मिनिटांवर. थंडीचा उभ्या आयुष्यातला अनुभव म्हणजे एकदा सहलीबरोबर महाबळेश्वर, आणि तेही त्यांना "दमट" वाटलं होतं. मग टुंड्राच का, असं मी एकदा विचारलं. "सह्याद्री सगळ्यांनाच आवडतो हो सर," त्या म्हणाल्या. "विषुववृत्तावरचं जंगल आवडतं, वाळवंटसुद्धा उंटामुळे आवडतं. टुंड्राला कोणी नाही. पोरं चार मार्कांचं पाठ करतात आणि विसरतात."

एकदा तपासणीला साहेब आले ते नेमके पंखा बंद असताना. साहेब जाडजूड, अंगात सफारी. पाच मिनिटांत त्यांनी रुमाल काढला. "बाई, पंखा?" "दोन मिनिटं थांबा साहेब, पोरं आत्ता सैबेरियाच्या सीमेवर आहेत," बाईंनी सांगितलं. साहेब थांबले नाहीत. 'वर्गातील पंखा नादुरुस्त, तातडीने दुरुस्ती करावी' असा शेरा मारून गेले. शेऱ्यावर अंमल करणं भाग होतं. पंधरा दिवसांनी इलेक्ट्रिशियन आला, त्याने तो चांगला चालणारा पंखा उतरवला आणि नेऊन ऑफिसात लावला. बदली पंख्याचा कागद अजून फिरतोय म्हणे. बाईंची मोठीच पंचाईत झाली, कारण आता बंद करायला काही उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी घरचा टेबलफॅन आणला. सकाळपासून तो लावायच्या आणि टुंड्राच्या तासाला बंद करायच्या.

गाइडमधल्या उत्तरांशी त्यांचं उभं वैर. 'टुंड्रा प्रदेशाची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला गाइडमध्ये पाच मुद्दे होते आणि पहिलाच मुद्दा 'येथे प्रचंड हिमवृष्टी होते'. बाई तो लाल पेनाने खोडायच्या. "खोटं आहे. तिकडे बर्फ फार पडतच नाही. पाऊस-बर्फ मिळून बघाल तर वाळवंटाइतका कोरडा मुलूख. जे थोडंफार पडतं ते जात नाही, एवढंच." एका पोराने एकदा लिहिलं, 'टुंड्रात उन्हाळ्यात डासांचे ढग असतात, म्हणजे तिथेही फवारणीवाले फक्त सही घेऊन जात असणार.' त्याला चारपैकी चार. गाइड घेऊन त्याच्याच शेजाऱ्याचे वडील भांडायला आले, की माझ्या मुलाने पाचही मुद्दे लिहिले तर त्याला दोनच का? बाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि डासांपासून सुरू करून पूर्ण टुंड्रा शिकवला. गृहस्थ पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा मार्कांचं विसरले होते.

माणसं मोजायचं मापही त्यांनी तिकडूनच आणलं होतं. टुंड्राची जमीन खाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा वीत-दोन वीत थर सुटतो, त्यात चिखल होतो, फुलंसुद्धा येतात, पण खाली कुदळ मारलीत तर ठण्ण. मराठी भाषा दिनाला आमच्या संस्थेचे चेअरमनसाहेब फेटा बांधून यायचे. माय मराठी, अमृत, पैजा, सगळं म्हणून व्हायचं. साहेबांचे डोळे भरून यायचे, आणि मग फोन वाजला की, "येस बेटा, ग्रँडपा इज इन अ फंक्शन." समोर बसलेले आम्ही मराठी शाळेचे मास्तर टाळ्या वाजवायचो. बाई माझ्याकडे झुकून म्हणायच्या, "वरचा थर सुटलाय हो सर आज. खणायला जाऊ नका."

मी दात काढायचो. त्याच वेळी माझा स्वतःचा मुलगा मुलुंड पश्चिमेच्या इंग्रजी शाळेत टाय लावून बसलेला असायचा, ही गोष्ट वेगळी. आणि मी एकटा नव्हतो. आमच्या स्टाफरूममधल्या एकूण एक मास्तरांची आणि बाईंची पोरं इंग्रजीत. डब्याच्या वेळी आम्ही मराठी शाळा कशा बंद पडताहेत यावर हळहळायचो आणि शाळा सुटली की इंग्रजी शाळेच्या फाटकावर पोरांना आणायला पळायचो. टुंड्राबाईंना मूल नव्हतं, लग्नच नव्हतं. त्यामुळे त्यांचं काय जातंय बोलायला, असं आम्ही त्यांच्या मागे म्हणायचो. खरं तर त्या कधी काही बोलायच्याच नाहीत.

मग त्या वर्षीच्या भाषा दिनाला साहेबांनी भाषण झाल्यावर मीटिंग घेतली. संस्थेच्याच इंग्रजी शाळेला जागा कमी पडत होती आणि आमच्या पाचवीचा पट घसरत चालला होता. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी पाचवीत वीस मुलं बसलेली दिसली तर वर्ग राहील, नाहीतर खोली इंग्रजीच्या ॲक्टिव्हिटी रूमला. "मराठी टिकलीच पाहिजे, पण प्रॅक्टिकल व्हायला हवं ना," असं म्हणून त्यांनी फेटा काढून ड्रायव्हरकडे दिला. पाचवीच्या वर्गशिक्षिका टुंड्राबाई. वर्ग गेला की त्या अतिरिक्त, आणि अतिरिक्त शिक्षक मानखुर्दच्या एका शाळेत पाठवायचा असं बोललं जात होतं.

मानखुर्द काही परदेश नव्हे, लोक रोज जातात. पण बाईंची आई अंथरुणाला खिळलेली होती. म्हातारीला दुसऱ्या कोणाच्या हातचं चालायचं नाही, ताट ढकलून द्यायची. मधली सुट्टी झाली की बाई तरातरा घरी जायच्या, तिला भरवायच्या, तोंड पुसायच्या आणि घंटेच्या आत परत. इतक्या वर्षांत मी त्यांना शाळेत डबा खाताना पाहिलं नाही. त्यामुळे पाचवी म्हणजे त्यांच्यासाठी नुसता वर्ग नव्हता, आणि आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मराठी शाळेच्या मास्तरांना मे महिन्याची सुट्टी नसते. मुलं शोधत दारोदार फिरावं लागतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आम्ही दोघं भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत फिरायला लागलो. बाईंच्या हातात छत्री, माझ्या हातात फॉर्म. एका घरात पोचलो तर आत दुसऱ्या शाळेचे दोन मास्तर आधीच चहा पीत बसलेले, सोबत दप्तर आणि पाण्याची बाटली भेट द्यायला. घरच्या वहिनींनी आणखी दोन कप चहा टाकला, आम्हा चौघांचं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "आमचो झील इंग्लिश मिडियमाक जाता. तेका काय समाजता ता इचारू नकात, पण जाता." चौघेही उठलो. बाहेर येऊन त्या मास्तरांनी आम्हाला पुढच्या गल्लीतली दोन घरं सांगितली. धंद्यातली माणुसकी म्हणतात ती अशी.

बाई मात्र भेटवस्तू देत नव्हत्या. पोर समोर आलं की त्या त्याला विचारायच्या, "जिथे दोन महिने सूर्य मावळतच नाही तिथे तू खेळायचा कधी थांबशील?" पोर विचारात पडायचं. मग आपण होऊन जवळ यायचं. अशी अठरा, मग एकोणीस नावं झाली. मी वैतागून म्हणायचो, बाई, आईबापांशी बोला, फॉर्मवर सही ते करतात. "पण बसणार हे आहे ना वर्गात," त्या म्हणायच्या.

शेवटच्या आठवड्यात आम्ही सानिकाच्या घरी गेलो. चौथी पास झालेली, महानगरपालिकेच्या शाळेतली, चुणचुणीत पोर. रेनडियर बर्फाखालचं दगडफूल वासावरून कसं शोधतो हे ऐकून तिने विचारलं, "आणि सर्दी झाली तर?" बाई इतक्या खूश झाल्या की छत्री तिथेच विसरायच्या बेतात होत्या. सानिकाची आई एका क्लिनिकमध्ये मदतनीस होती. तिने फॉर्म हातात घेतला, पेन घेतलं आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "सर, तुमची मुलं कुठल्या शाळेत?"

मी म्हणालो, "एकच मुलगा आहे. यंदा पाचवीत. आमच्याच शाळेत."

तिने सही केली. विसावं नाव. मी बाईंकडे पाहिलं तर त्या चहाच्या कपात बघत होत्या. डोंगर उतरताना त्या एका पायरीवर थांबून म्हणाल्या, "टुंड्रात झाड का वाढत नाही, सर?" मी म्हणालो, थंडीमुळे. "नुसती थंडी नाही. मुळांना खाली जायला जागाच नाही. वरच्या वीतभर मातीत उभं राहायचं, मोठं वारं आलं की आडवं." मी म्हणालो, बाई, विसावं नाव झालंय, आता तरी भूगोल सोडा. त्यांनी सोडला.

शाळा उघडली. पाचवीत वीस पोरं. चेअरमनसाहेबांचा क्लार्क मोजणीचा कागद घेऊन व्हरांड्यात फिरत होता. मी पेढ्यांचा पुडा आणला होता, आणि तेवढ्यात सानिकाची आई वर आली. पहिला दिवस म्हणून पोरीला सोडायला आली होती. तिने वर्गात डोकावून विचारलं, "सरांचा मुलगा कुठला हो? सानिकाला त्याच्या बाजूला बसवा ना, तेवढीच ओळख होईल." मी दारातच उभा होतो. "आज नाही आला," मी म्हणालो, "ताप आहे त्याला." एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप तयारच असतं, त्याला वेगळे कष्ट लागत नाहीत.

बाईंनी खडू खाली ठेवला आणि बाहेर आल्या. "सरांचा मुलगा इथे नाही," त्यांनी सांगितलं. "इंग्रजी शाळेत आहे. त्या दिवशी तुमच्या घरी मी गप्प बसले, ती माझी चूक. सही घेतली ती फसवून घेतली. तुम्हाला मुलीला न्यायचं असेल तर मी फॉर्म आत्ता परत देते."

सानिकाची आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मला खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाली, "बाई, शिकवणाऱ्यांनाच हे नको असेल तर मी माझी पोर कशाला ठेवू?" ती पोरीचा हात धरून जिना उतरली. क्लार्क शेवटच्या खोलीत होता. मी बाईंचा हात धरायचाच बाकी ठेवला. "बाई, आजचा दिवस एक नाव राहू द्या. सातवीतली एखादी पोर आणून बसवतो. कोण बघतंय? आईचा तरी विचार करा." त्या म्हणाल्या, "सर, त्या मुलीने मला विचारलं होतं रेनडियरला सर्दी झाली तर काय. ते सांगायचं राहून गेलं बघा." क्लार्क आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या तोंडाने आकडा सांगितला. एकोणीस.

पेढे मी घरी नेले. मुलाने विचारलं, "बाबा, व्हॉट्स द ऑकेजन?"

बाई मानखुर्दला गेल्या. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. चेअरमनसाहेब गहिवरले आणि मी दोन शब्द बोललो, त्यात सत्यनिष्ठा हा शब्द तीनदा आला. मधल्या सुट्टीत आईला भरवायला बाईंनी एक बाई ठेवली. म्हातारीने तिच्या हातचं खाल्लं नाही. पावसाळा संपायच्या आत म्हातारी गेल्याचं कळलं. स्टाफमधले सगळे जाऊन आले. मी गेलो नाही. दारात उभं राहून काय बोलायचं हे मला सुचेना, आणि न सुचण्याचं कारण मला चांगलं माहीत होतं.

पाचवी गेली, पुढच्या वर्षी सहावी, त्यानंतर सातवी. ॲक्टिव्हिटी रूम आता तीन आहेत. यंदा आठवीचा नंबर लागला, आणि आठवीचा वर्गशिक्षक मी. म्हणून या मे महिन्यात छत्री आणि फॉर्म दोन्ही मीच घेऊन, एकटा, भांडुपचा डोंगर चढलो. मला टुंड्रा सांगता येत नाही, आणि पदार्थाच्या अवस्था ऐकून पोरं जवळ येत नाहीत. चार दिवसांत एक नाव मिळालं. पाचव्या दिवशी पायऱ्यांवर सानिकाच्या आईने हाक मारली. मी ओळख न दाखवता सटकायच्या विचारात होतो, पण तिने घरात बोलावलं, पाणी दिलं.

"सानिकाचं बरं चाललंय ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"इंग्लिशला घातली तेव्हा पहिलं वर्ष नुसती रडायची," ती म्हणाली. "काय शिकवतात ते कळायचं नाही. मग बाई यायला लागल्या."

"कोण बाई?"

"अहो, तुमच्याच बाई. आता दोन वर्षं झाली. दर रविवारी येतात. इंग्लिश पुस्तक मराठीतून समजावून सांगतात हिला. भूगोलानं सुरुवात केली, आता सगळेच विषय. फी विचारली तर उठून जायला निघाल्या. आता वस्तीतली आणखी सात-आठ पोरं बसतात, सगळी इंग्लिश मिडियमची."

मी पाणी संपवलं. जी पोर पहिल्याच दिवशी वर्ग सोडून गेली तिच्याचसाठी बाई हा डोंगर दर रविवारी चढत होत्या, आणि मी तीन वर्षं त्यांना चुकवत होतो. मला रडू आलं असतं, पण परक्याच्या घरात मास्तराने रडायचं कसं? मी फॉर्म गोळा केले आणि निघालो.

आमच्या चिरंजिवांना वार्षिक परीक्षेत भूगोलात शंभरपैकी एकवीस. महागड्या क्लासवाल्यांनी हात टेकलेत. पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन सानिकाच्या घरी गेलो. जाताना सबंध वाटभर बाईंना काय सांगायचं ते मनात जुळवत होतो, माफीचं, आईचं, सगळं. पोचलो तर चटईवर आठ-नऊ पोरं, मध्ये बाई. केस पार पांढरे झालेले. त्यांनी मान वर करून मला पाहिलं, क्षणभरच, आणि म्हणाल्या, "या सर." एवढंच. मग पोरांना सरकायला सांगून माझ्या मुलासाठी जागा केली. मी जुळवलेलं सगळं जागच्या जागी राहिलं.

"नाव काय रे?" त्याने नाव सांगितलं. "मी मराठीतून सांगते हं. कळेल ना तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बोललेलं कळतं," तो म्हणाला. "शिकवलेलं नाही कळत."

चटईवरची सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी गेली तेवीस वर्षं मराठीतून शिकवतो.